तूर फुलायच्या आत मोहोळं वाचवा

कडगंची, आळंद आणि पंचक्रोशीतल्या शेतकरी बंधू-भगिनींनो, बसवकल्याण, हुमनाबाद, भालकी, औरादच्या मंडळींनो, सीमेपलीकडे उमरगा, निलंगा, अक्कलकोट भागातल्या आमच्या सोयऱ्याधायऱ्यांनो,

दसऱ्यापासून पुढे आपल्या शिवारात तूर फुलू लागेल. त्याच दिवसांत दरवर्षी दोन गोष्टी हटकून घडतात. घाटेअळीच्या धास्तीने पाठीवरचे पंप दिवस उगवताच शेतात शिरतात. आणि वडावर, विहिरीच्या कमानीत, पाण्याच्या टाकीखाली बसलेली मोहोळं रात्री टेंभा लावून जाळली जातात. दोन्हीकडे मरते ती मधमाशी, आणि मरते नेमकी तेव्हा, जेव्हा शेताला तिची सगळ्यात जास्त गरज असते. आपल्या हाताशी थोडेच आठवडे उरले आहेत. म्हणून हे आवाहन आजच करतो आहे.

हे आवाहन कुणा एका शेतकऱ्याला नाही, सगळ्या गावांना आहे, आणि त्याला कारण आहे. आपली सातेरी माशी साधारण एक किलोमीटरच्या आत चरते. एखाद्या मोहोळाभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढलं, तर त्यात पावणेआठशे एकर जमीन येते. एवढी जमीन कुणा एकाची नसते. मी माझ्या दोन एकरांत कितीही जपलं आणि ओढ्यापलीकडच्या रानात भर सकाळी विष पडलं, तर माझी पेटी त्याच दिवशी रिकामी होऊ लागते. माशी वाचली तर गावाने वाचेल, मेली तर गावाने मारलेली असेल.

आपल्या शिवारातल्या माश्या

आधी ओळख पटू द्या. आपल्याकडे मधमाशीच्या तीन गावरान जाती आहेत. पहिली आग्या, आपले कानडी शेजारी जिला हेज्जेनु म्हणतात ती. उंच फांदीला किंवा इमारतीच्या सज्जाला तिचं एकच मोठं, उघडं पोळं लोंबतं. दुसरी फुलोरी, अंगाने सगळ्यात लहान. बाभळीच्या किंवा बोरीच्या काटक्यांत तळहाताएवढं पोळं करते आणि क्वचितच डंख मारते. तिसरी सातेरी. ती अंधारात राहते: झाडाच्या ढोलीत, जुन्या वाड्याच्या भिंतीत, वारुळाच्या पोकळीत, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधून. या तिघींखेरीज भिंतीच्या भोकात मेणाची नळी काढून राहणारी चिमुकली बिनडंखी माशी आहे, तीही फुलांवर तेवढ्याच निष्ठेने राबते.

या तिघींपैकी पेटीत नांदते ती फक्त सातेरी. शास्त्रज्ञ तिला एपिस सेराना इंडिका म्हणतात. हिमालयात, चीनमध्ये, जपानमध्ये याच जातीच्या वेगळ्या उपजाती आहेत. दक्षिणेतली आपली उपजात त्यांच्याहून लहान, आणि तिच्यातही डोंगरातली माशी काळपट तर मैदानातली पिवळसर असते. आपली माशी मैदानातली आहे. इथल्या उन्हात, इथल्या तुटपुंज्या पावसात, फुलं कधी आहेत आणि कधी नाहीत अशा वर्षचक्रात ती पिढ्यान्‌पिढ्या तगली आहे. दुष्काळ पडला तर कुटुंब लहान करून थोडक्यात भागवायचं, हे तिच्या अंगात आहे.

बाजारात जी मोठी पेटी विकली जाते तिच्यात बहुधा युरोपीय माशी असते, एपिस मेलिफेरा. १९६२ साली हिमाचलमधल्या नगरोटा बगवान इथे ती आपल्या देशात पहिल्यांदा नीट रुजली. ती मध जास्त देते, यात वाद नाही. पण तिला फुलांचा मोठा आणि सलग चारा लागतो. तो संपला की पेट्या ट्रकमध्ये घालून दुसऱ्या मुलखात न्याव्या लागतात, नाहीतर साखर पाजून जगवाव्या लागतात. शिवाय तिच्या अंगावर आणि पिल्लांवर जगणारा व्हॅरोआ गोचीड तिला जेरीस आणतो. हा गोचीड मुळात सातेरीच्या जातीवरचा. पण त्याच्याबरोबर नांदायला ती कधीच शिकली आहे, एकमेकींचं अंग साफ करून ती त्याला आवरून धरते. ज्याला मधाचा धंदाच करायचा आहे, पेट्या घेऊन फिरायचं आहे, त्याने मेलिफेरा जरूर पाळावी. पण दोन-चार एकर कोरडवाहू असलेल्या घरासाठी, बारा महिने एकाच बांधावर राहणारी सोबतीण सातेरीच.

माशी नसेल तर काय होतं

सूर्यफुलाचं पिकलेलं तबक हातात घ्या. कडेचे दाणे टच्च भरलेले दिसतील. आता मधोमध अंगठ्याने दाबून पाहा. कितीतरी टरफलं आत पोकळ निघतील, नुसती पोचट. त्याचं कारण साधं आहे. सूर्यफुलाच्या प्रत्येक बारीक फुलात पराग आधी बाहेर पडतो आणि मादीचं तोंड नंतर उघडतं. शिवाय स्वतःच्या परागाने दाणा धड भरत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग कुणीतरी आणून टाकावा लागतो. माश्या कमी झाल्या तेव्हा शेतीतज्ज्ञांनी उपाय सांगितला: सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान हाताला मऊ कापड गुंडाळून प्रत्येक तबकावरून हलकेच फिरवा, एक दिवसाआड. आता हिशेब करा. ६० बाय ३० सेंटीमीटरवर पेरणी केली, तर एकरी बावीस हजारांच्या वर झाडं येतात. त्या बावीस हजार तबकांवरून पुन्हा पुन्हा हात फिरवायला मजूर कुठून आणायचे आणि त्यांना मजुरी कुठून द्यायची? माशी हे काम फुकट करते, आणि माणसापेक्षा चोख करते.

तुरीबद्दल मात्र अतिशयोक्ती करणार नाही. तूर बरीचशी स्वतःच्याच परागावर शेंगा धरते, माशी नसली तर तूर अजिबात येणार नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण तुरीच्या फुलावर माशी बसते तेव्हा काय होतं ते एकदा जवळून पाहा. तिच्या वजनाने खालची पाकळी दबते, आतला परागाचा झुबका बाहेर येतो आणि माशीच्या पोटाला लागतो. तोच पराग घेऊन ती पुढच्या झाडावर जाते. मोठे काळे भुंगे, पानं कातरणाऱ्या माश्या, आग्या, फुलोरी, सगळ्या या कामाला असतात. हैदराबादजवळच्या पाटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने तुरीचं संकरित वाण काढलं, त्याचं बियाणं तयार करणं तर पूर्णपणे रानातल्या या माश्यांवरच अवलंबून आहे, कारण त्यातल्या मादी ओळीला स्वतःचा पराग नसतोच. कलबुरगीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहे. त्या नावामागे राबणाऱ्यांत या माश्याही मोजा.

आणि कारळे, करडई, धने, बियाण्याचा कांदा, दोडका, भोपळा, कलिंगड? कारळ्याला दुसऱ्या झाडाचा पराग लागतोच. भोपळ्याचं, कलिंगडाचं नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. माशी आली नाही तर कोवळं फळ पिवळं पडून गळतं आणि आपण खताला दोष देत बसतो.

पहिली विनंती: फुलोऱ्यात सकाळी फवारू नका

घाटेअळीची भीती खोटी नाही. १९९७-९८ च्या हंगामात या अळीने आपल्या भागातली तूर कशी फस्त केली आणि कर्जात बुडालेल्या घरांवर काय ओढवलं, हे जुन्या माणसांच्या मनातून गेलेलं नाही. म्हणून फवारूच नका असं मी म्हणणार नाही. म्हणणं एवढंच की कधी आणि काय, ते ठरवून फवारा.

माश्या दिवसा चरतात. फवारणी करायची तर दिवस मावळताना करा. यात तुमचाही फायदा आहे. घाटेअळीवर चालणारा विषाणू, म्हणजे एचएनपीव्ही, उन्हात लवकर मरतो. निंबोळी अर्कही उन्हाने निकामी होतो. संध्याकाळी मारलेलं औषध रात्रभर अळीवर काम करतं आणि माशी घरी सुखरूप असते.

आधी निंबोळीकडे वळा. ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, १०० लिटर पाणी होईल एवढं वाढवा, थोडा साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. शेतात कामगंध सापळे लावा, पक्ष्यांना बसायला काठ्या रोवा. आणि आपल्याच भागातली एक जुनी पद्धत पुन्हा हाती घ्या: तुरीच्या ओळीत पोतं किंवा ताडपत्री अंथरून झाड हलकेच हलवायचं, खाली पडलेल्या अळ्या गोळा करून मारायच्या. घरची तीन माणसं हे काम करू शकतात.

रासायनिक औषध घ्यावंच लागलं, तर दुकानदार देईल ते दोन-तीन डबे एकत्र मिसळू नका. कृषी विज्ञान केंद्राला विचारून एकच घ्या. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, क्लोथियानिडिन ही औषधं झाडाच्या रसात भिनतात आणि फुलातल्या मधापर्यंत, परागापर्यंत पोचतात. मधमाश्यांना होणारा धोका पाहून युरोपीय संघाने २०१८ मध्ये उघड्या शेतात त्यांचा वापर बंद केला. ती फुलोऱ्यात नकोतच. आणि फवारणीच्या आदल्या दिवशी शेजाऱ्याला सांगा. ज्याच्या बांधावर पेटी असेल, तो रात्री दार जाळीने बंद करून पेटी दुसऱ्या दिवशीपुरती सावलीत, हवेशीर ठेवू शकेल. एका फोनने अख्खं मोहोळ वाचतं.

दुसरी विनंती: आग्या मोहोळ जाळू नका

आग्या माशी ऋतूप्रमाणे स्थलांतर करते आणि वर्षानुवर्षं त्याच झाडावर, त्याच इमारतीवर परत येते. टेंभ्याने जाळलेलं मोहोळ म्हणजे एका रात्रीच्या दोन-चार किलो मधासाठी कायमचं पुसलेलं एक ठिकाण. त्या मधातही राख, अळ्या आणि मेलेल्या माश्या पिळून येतात.

मध हवा असेल तर त्याची रीत आहे. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या बाजूला, फांदीलगतच्या जाड भागात असतो. खालच्या पातळ भागात अंडी, अळ्या आणि कोष असतात. अंगभर पोशाख आणि डोक्याला जाळी घालून, थोड्या धुराने माश्या बाजूला सारून फक्त मधाचा भाग कापला, तर पिल्लं वाचतात, मोहोळ टिकतं आणि पुन्हा मध भरतं. वर्ध्याच्या सेंटर फॉर बी डेव्हलपमेंटने आणि तिथल्या डॉ. गोपाल पालीवाल यांनी हीच अहिंसक पद्धत मध काढणाऱ्यांना शिकवली आहे. आपल्याकडचे परंपरेने मध काढणारे झाडावर चढण्यात, माशी ओळखण्यात वस्ताद आहेत. त्यांना हाकलू नका. पोशाख घेऊन द्या, शिकायला पाठवा, आणि गावाच्या वतीने त्यांच्याकडूनच मध विकत घ्या.

कडगंचीला कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ आहे, उंच इमारती आहेत. आळंदला, कलबुरगीला टाक्या, मनोरे, शाळा, रुग्णालयं आहेत. अशा उंच जागा आग्याला आवडतात. विद्यापीठाचे अधिकारी, मुख्याध्यापक, ग्रामपंचायतीचे सदस्य, सर्वांना विनंती: मोहोळ दिसलं की लगेच औषध मारणाऱ्याला बोलावू नका. माणसांच्या वाटेपासून दूर आणि उंच असेल तर राहू द्या, खाली दोरी बांधून फलक लावा. खरोखर धोक्याच्या जागी असेल तर जाणकाराकडून, संध्याकाळनंतर, न मारता हलवा. गाणगापूरच्या संगमावर जाणाऱ्या भाविकांनाही सांगणं आहे. भीमा-अमर्जेच्या काठच्या मोठ्या झाडांखाली चूल पेटवण्याआधी एकदा मान वर करून पाहा. धूर लागला की आग्या उठते.

उठलीच तर हात झाडू नका. तोंड आणि डोळे झाका आणि घरात किंवा गाडीत शिरून दार लावा. डंखातून सुटणाऱ्या वासाने बाकीच्या माश्या आणखी चवताळतात, म्हणून त्या जागी थांबू नका. काटा नखाने खरवडून काढा. पुष्कळ डंख बसले, श्वास कोंडला किंवा ओठ-जीभ सुजली तर क्षणही न घालवता दवाखाना गाठा. आणि मुलांना दगड मारू देऊ नका. बहुतेक दुर्घटनांची सुरुवात दगडाने, धुराने किंवा छेडण्याने होते.

तिसरी विनंती: एक पेटी सातेरीची

प्रत्येक गावात निदान पाच घरांनी या हंगामात सातेरीची पेटी ठेवायचं मनावर घ्यावं. पण ती दूरच्या मुलखातून विकत आणू नका. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाचा विषाणूरोग दक्षिणेत आला. त्यात अळ्या पाण्याच्या पिशवीसारख्या होऊन मरतात. कर्नाटकात, केरळात सातेरीच्या पेट्याच्या पेट्या रिकाम्या झाल्या. डोंगरातली किंवा परजिल्ह्यातली वसाहत आणली की रोगही सोबत येऊ शकतो, आणि तिकडची माशी इथल्या उन्हात टिकेल याची खात्री नसते. आपल्याच भिंतीतली, आपल्याच ढोलीतली माशी पेटीत घ्या.

पेटी न्यूटन पद्धतीची, लहान घ्या. ती दक्षिणेतल्या सातेरीसाठीच बनवली गेली. मेलिफेराच्या मोठ्या पेटीत सातेरीला ऊब धरता येत नाही, आणि मेलिफेरासाठी छापलेल्या मेणपत्र्यांची घरं तिला मोठी पडतात. माशी धरण्याचं काम संध्याकाळी, अनुभवी माणसाला सोबत घेऊन करा. हलका धूर द्या, पोळी एकेक करून कापा, अंडी-पिल्लांची पोळी चौकटींत सुताने किंवा केळीच्या सोपटाने बांधा. राणी आत आली की बाकीच्या माश्या मागोमाग येतात. काही दिवस दाराला अशी जाळी लावा, की कामकरी ये-जा करतील पण राणी बाहेर पडणार नाही.

सातेरीची एक खोड आहे: त्रास झाला की ती घर सोडून जाते. ऊन, भूक, मुंग्या आणि मेणकिडा ही तिची चार दुखणी. पेटी दाट सावलीत ठेवा, पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, तळफळी आठवड्याला साफ करा, रिकामी जुनी पोळी काढून टाका. वैशाखात पेटीवर ओलं पोतं टाका, जवळ पाण्याचं उथळ भांडं ठेवून त्यात माशीला बसायला खडे घाला. फुलं नसतील त्या दिवसांत साखर आणि पाणी सारख्या मापाने उकळून, थंड करून, अंधार पडल्यावर पाजा.

मध फक्त वरच्या मधघरातून, मेणाने झाकलेल्या चौकटींतूनच, यंत्राने काढा. कच्च्या मधात पाणी २० टक्क्यांच्या वर राहतं आणि तो आंबतो. सगळा काढू नका. लाखोंच्या कमाईची स्वप्नं दाखवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. सातेरीची पेटी वर्षाला पाच-दहा किलो मध देते, कोरड्या वर्षी त्याहून कमी. तिची खरी कमाई तबकात, शेंगेत, फळात भरते.

चौथी विनंती: बांध उजाड करू नका

तूर डिसेंबरात आटोपते, करडई फेब्रुवारीत. पुढे माशी जगते ती झाडांवर: चैत्रात कडुनिंब आणि करंज, मग चिंच, पावसाळ्यात बाभूळ, त्यानंतर बोर. शेवगा तर वर्षात कितीदा फुलतो. बांधावरची बाभूळ आणि बोर तोडून तिथे तणनाशक मारलं, की माशीची मधल्या महिन्यांची भाकरी आपण काढून घेतो. प्रत्येकाने बांधावर दोन शेवगे आणि एक करंज लावावा. अमर्जेच्या काठची जुनी ढोलीची झाडं पंचायतीने नोंदवून राखावीत.

कुठे जायचं, काय करायचं

कलबुरगीचं कृषी विज्ञान केंद्र आळंद रस्त्यावरच आहे. बिदरच्या मंडळींनी आपल्या जिल्ह्यातल्या केंद्रात आणि फलोत्पादन खात्यात जावं. खादी ग्रामोद्योग आयोगाचं हनी मिशन २०१७ पासून आणि केंद्र सरकारचं मधमाशी व मध अभियान २०२० पासून सुरू आहे. त्यांत प्रशिक्षणाची आणि पेट्यांची तरतूद आहे. बचत गटांनी एकत्र अर्ज करावा. पुण्याला १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथल्या डोंगराची बरोबरी आपला कोरडवाहू माळ करणार नाही, पण मांघरकरांनी जे केलं ते आपल्यालाही जमण्यासारखं आहे: त्यांनी मधमाशी गावाची म्हणून सांभाळली.

म्हणून शेवटचं मागणं गावाकडे. येत्या ग्रामसभेत, कानडीत आणि मराठीत, तीन ओळींचा ठराव करा: फुलोऱ्यात फवारणी सूर्यास्ताच्या वेळीच होईल, गावाच्या हद्दीत मोहोळ जाळलं जाणार नाही, फवारणीच्या आदल्या दिवशी शेजाऱ्याला कळवलं जाईल. ठराव दवंडी पिटून, मंदिर-मशिदीच्या ध्वनिक्षेपकावरून, शाळेच्या फळ्यावर लिहून सर्वांपर्यंत पोचवा. ग्रामसभेला वेळ असेल तर थांबू नका. आज संध्याकाळीच शेजारच्या बांधावर जा आणि विचारा, "यंदा तुमची फवारणी कधी?" दोन शेजाऱ्यांचं ठरलं की चार एकर सुरक्षित होतात. चौघांचं ठरलं की ओढ्याचा एक काठ होतो. पावणेआठशे एकर असेच जमवायचे आहेत, आणि तूर फुलायच्या आत जमवायचे आहेत.

आपलाच,
कडगंची शिवारातला एक मधपाळ